डासाच्या पोटातले जिवाणू: ते कुठून येतात आणि आपल्याला त्याचा काय फरक पडतो?

भंडारा जिल्ह्यातल्या आसगावसारख्या गावात पावसाळ्यात धानाच्या बांध्या, नाल्या आणि घरची टाकी, तिन्हीकडे पाणी असते. बांधीत मलेरिया पसरवणारा ॲनोफिलीस वाढू शकतो, नालीत हत्तीरोगाचा क्युलेक्स, तर टाकीत डेंग्यूचा एडिस. आपल्या आतड्यांप्रमाणे डासांच्या पोटातही जिवाणू राहतात. रोगजंतू डासात टिकेल की नाही, हे काही अंशी त्यांच्यावरही अवलंबून असते.

हे जिवाणू कशावर ठरतात?

• पाणी: अळी ज्या पाण्यात वाढते, त्यातलेच जिवाणू ती गिळते. म्हणून नालीतल्या आणि टाकीतल्या डासांचे जिवाणू वेगळे असतात.
• रूपांतर: अळीचा कोष आणि कोषाचा डास होताना त्यातले बरेच जिवाणू निघून जातात.
• आहार: फुलांचा रस नर-मादी दोघेही पितात, रक्त फक्त मादी. रक्त प्यायल्यावर पोटातले जिवाणू झपाट्याने वाढतात.
• आई: वोल्बाकिया हा जिवाणू अंड्यातून पुढच्या पिढीत जातो. क्युलेक्समध्ये तो निसर्गतः आढळतो, एडिस इजिप्तीमध्ये सहसा नाही.

संशोधन काय सांगते?

पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील शास्त्रज्ञांनी क्युलेक्सच्या पोटातून वेगळ्या काढलेल्या एका जिवाणूला २००२ मध्ये ‘एरोमोनास क्युलिसिकोला’ असे नाव दिले. इंडोनेशियातील योग्याकार्ता शहरात वोल्बाकिया असलेले एडिस डास सोडल्यावर डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

उलट परिणामही दिसला आहे. प्रयोगशाळेत अँटिबायोटिक मिसळलेले रक्त प्यायलेल्या ॲनोफिलीसच्या पोटातले जिवाणू घटले आणि मलेरियाचा परजीवी अधिक सहज वाढला. तापात मनाने अँटिबायोटिक न घेण्याचे हे आणखी एक कारण. डेंग्यू-मलेरियावर अशा नेहमीच्या गोळ्यांचा उपयोगही होत नाही.

तुम्ही काय कराल?

• आठवड्यातून एकदा टाकी, रांजण, कूलर रिकामे करा, घासा आणि कोरडे ठेवा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात.
• नाली वाहती ठेवा. विहिरीत, हौदात गप्पी मासे सोडा.
• हत्तीरोगाच्या सामुदायिक मोहिमेतल्या गोळ्या कर्मचाऱ्यासमोरच घ्या. गर्भवती, दोन वर्षांखालील मुले आणि गंभीर आजारी व्यक्तींना त्या देत नाहीत.
• ताप आला की त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासा. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, रक्तस्राव किंवा गुंगी असल्यास लगेच रुग्णालय गाठा.