चालतं यंत्र, संपलेला सपोर्ट

१४ ऑक्टोबर २०२५ नंतर पुण्याच्या कर्वेनगरातल्या लॅपटॉप दुरुस्तीच्या गाळ्यांत एक निराळाच पेशंट येऊ लागला. त्याला झालेलं काहीच नसतं. स्क्रीन स्वच्छ, कीबोर्ड शाबूत, बॅटरीही जेमतेम तग धरून. पण त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट संपवला, आणि विंडोज ११ या यंत्रावर चढायला तयार नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची व्यवस्था हवी आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. थोरल्या बहिणीने २०१७ मध्ये हौसेने घेतलेला सातव्या पिढीचा आय-फाइव्ह आता धाकटीकडे, म्हणजे इथल्याच एखाद्या वसतिगृहात आलेला असतो, आणि एका पिढीने हुकतो.

‘मशीन चांगलंय, सपोर्ट गेलाय,’ असं दुकानदार सांगतो आणि गिऱ्हाईक मान डोलावतं. आजीचं शिलाई मशीन साठ वर्षं चालतं. त्याच्या कारखान्याने एखाद्या तारखेपासून हात झटकले म्हणून त्याची शिवण उसवत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र ही तारीख आपण निमूट मान्य केली आहे. ही रीत आली कुठून?

माझ्या मते एका बिलातून. १९५०-६० च्या दशकांत मोठे संगणक सहसा विकत घेतले जात नसत, भाड्याने आणले जात. आयबीएमला दरमहा भाडं भरलं की यंत्र, त्यावरचे प्रोग्रॅम, ते शिकवायला येणारी माणसं आणि बिघडल्यावर धावत येणारा इंजिनिअर हे सगळं त्यातच आलं. सॉफ्टवेअरला स्वतंत्र किंमत नव्हती, म्हणून स्वतंत्र आयुष्यही नव्हतं. जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकी सरकारने आयबीएमवर मक्तेदारीचा खटला भरला. त्याच वर्षी २३ जूनला कंपनीने जाहीर केलं, की यापुढे काही प्रोग्रॅम, प्रशिक्षण आणि तज्ज्ञांचं साहाय्य यांचे पैसे वेगळे लागतील. सॉफ्टवेअर उद्योगाचा जन्म अनेक जण या घोषणेपासून मोजतात. मी त्याच दिवसाच्या खात्यावर आणखी एक नोंद करीन: जिची किंमत वेगळी मांडता येते, ती सेवा वेगळी थांबवताही येते.

आपल्याकडे सपोर्ट संपण्याच्या या रीतीचा प्रवेश भलत्याच दाराने झाला. आयबीएम १४०१ हे १९५९ चं यंत्र. १९७१ मध्ये कंपनीने ते आपल्या विक्रीयादीतून काढलं. भारतात मात्र हीच यंत्रं सत्तरच्या दशकातही कामाला जुंपलेली होती. परदेशात वापरून झालेली यंत्रं इथे आणून, डागडुजी करून भाड्याने दिली जात, आणि त्यावरून संसदेच्या लोकलेखा समितीने कंपनीला धारेवरही धरलं. एका यंत्राचं म्हातारपण दुसऱ्या देशात तारुण्य म्हणून खपवायचं, हा व्यवहार तेव्हापासूनचा आहे.

मग परकीय चलन नियमन कायदा, म्हणजे १९७३ चा ‘फेरा’ आला. परदेशी भांडवल ४० टक्क्यांवर आणण्याची अट आयबीएमने मानली नाही. जनता सरकार आलं, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले, आणि १९७८ मध्ये आयबीएमने भारतातला गाशा गुंडाळला. कंपनी गेली, यंत्रं राहिली. पगारपत्रकं, विम्याची खाती, कारखान्यांचे हिशेब अशा संगणकांवर चालत होते. ते सांभाळायला सरकारने एक कंपनी आधीच काढून ठेवली होती, सीएमसी. मूळ नावच कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन. तिने आयबीएमच्या हाताखाली तयार झालेले इंजिनिअर घेतले आणि देशभरातल्या यंत्रांची देखभाल चालू ठेवली. रेल्वे आरक्षणाची संगणक व्यवस्था पुढे याच सीएमसीने उभारली. आयबीएमला घालवण्याच्या निर्णयावर आजही दोन मतं आहेत. पण मूळ कंपनी नसतानाही यंत्र चालवता येतं, हे त्या निमित्ताने सिद्ध झालं आणि देखभाल हाच मुख्य धंदा म्हणून कित्येकांनी शिकून घेतला.

पुण्याची पाळी नव्वदच्या दशकाच्या तोंडावर आली. अमेरिकेने हवा तो महासंगणक देण्यात खळखळ केली, म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था स्थापन झाली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. परमच्या पोटात ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर नावाच्या चिप होत्या. प्रत्येक चिपला चार जोडण्या असत, त्यातून ती शेजारच्या चिपशी थेट बोले. एक महाबलाढ्य प्रोसेसर मिळत नसेल तर असे पुष्कळ छोटे एकत्र गुंफायचे, ही युक्ती त्यावर फार सुरेख बसली. या चिपसाठी ऑकम नावाची खास भाषाही होती.

पण परम जन्मला तेव्हाच त्याच्या चिपचं माहेर डळमळत होतं. इनमॉस १९८९ मध्ये एसजीएस-थॉमसनने घेतली होती. पुढची चिप टी-९००० वर्षानुवर्षं रखडली आणि नव्वदचं दशक संपण्याआधी ट्रान्सप्युटरची ओळच खुंटली. सी-डॅकने पुढच्या परम ८६०० मध्ये इंटेलची आय-८६० वापरली. इंटेलने तीही काही वर्षांतच सोडून दिली. १९९४ च्या परम ९००० मध्ये सन कंपनीची सुपरस्पार्क आली, १९९८ च्या परम १०००० मध्ये अल्ट्रास्पार्क आणि त्यानंतरच्या परम पद्ममध्ये थेट आयबीएमची पॉवर-४. नाव एकच, आत दरवेळी नवं बिऱ्हाड. भाषणांमधून परमचा वेग तेवढा ऐकू येतो. मला मोठं काम वाटतं ते प्रोग्रॅम एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवत राहण्याचं. ऑकममध्ये ट्रान्सप्युटरसाठी लिहिलेलं काही स्पार्कवर उचलून ठेवता येत नाही. म्हणून तर पुढे सी, फोर्ट्रान या भाषा आणि प्रोसेसरांमध्ये निरोपांची देवाणघेवाण करणारं एमपीआय यांसारखी, कोणत्याही चिपला न चिकटणारी पद्धत रुळली.

तरी हे सगळं केवळ कंपन्यांच्या नफ्याचं कारस्थान म्हणून सोडून देता येत नाही. लिनक्स या खुल्या प्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, मालक नाही, त्याचं बिलही येत नाही. पण त्यानेही डिसेंबर २०१२ मध्ये इंटेल ३८६ या चिपला निरोप दिला. लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स लिहायला घेतलं ते याच ३८६ वर. कारण अगदी रोकडं होतं: ४८६ पासून आलेली एक सूचना ३८६ ला कळत नव्हती, आणि कर्नलच्या नाजूक भागात बदल करताना दरवेळी तिच्यासाठी वेगळी वाट काढावी लागे. इंटेल आणि एचपीने गाजावाजा करून आणलेली इटॅनियम चिपही २०२३ च्या अखेरीस कर्नलमधून गेली. कोड होता, पण तो खऱ्या यंत्रावर चालवून बघणारे जवळपास उरले नव्हते. सपोर्ट म्हणजे शेवटी कोणीतरी जुनं यंत्र टेबलावर ठेवून, दर नव्या बदलानंतर ते सुरू होतंय का हे बघत बसणं. कंटाळवाणं काम आहे, आणि फुकट करणारा माणूस एक दिवस थकतो.

मायक्रोसॉफ्टकडे अशी माणसं पगारावर आहेत, त्यामुळे तिथे हिशेब वेगळा लागतो. विंडोज १० च्या सुरक्षा-दुरुस्त्या तयार होणं १४ ऑक्टोबरला थांबलंच नाही. त्यांचं नुसतं स्वतंत्र दरपत्रक निघालं. घरगुती ग्राहकाला ३० डॉलरमध्ये, किंवा आपली सेटिंग्ज कंपनीच्या क्लाउडवर ठेवायची तयारी असेल तर पैसे न देता, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत. कंपन्यांना पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट, तिसऱ्या वर्षी त्याच्याही दुप्पट. कर्वेनगरातली धाकटी बहीण ही मुदत घेईल किंवा कुणाकडून तरी लिनक्स मिंट टाकून घेईल. सातव्या पिढीच्या आय-फाइव्हला ते मजेत पेलतं.