१३ मे : मलिक अंबर यांचे निधन (१६२६)

मंचरहून नारायणगावमार्गे जुन्नरला जाताना शिवनेरी दिसला की आपल्याला शिवजन्म आठवतो. त्याआधी, १६०७च्या सुमारास, हेच जुन्नर निजामशाहीची राजधानी होते आणि कारभार होता एका हबशाच्या, म्हणजे मूळच्या इथिओपियातल्या माणसाच्या, हाती. इथिओपियाचे ख्रिस्ती राज्य मध्ययुगात आफ्रिकेतील बलाढ्य सत्ता होती. १५२९ ते १५४३ या काळात अदलच्या मुस्लिम सल्तनतीशी झालेल्या युद्धाने ते खिळखिळे झाले. पुढे काही वर्षांतच, १५४८च्या सुमारास, त्या मुलखात चापू जन्मला; हाच पुढचा मलिक अंबर. गुलाम म्हणून विकला गेलेला हा पोरगा बगदादमार्गे दख्खनेत आला. त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीझखान, तोही हबशीच!

१६०० मध्ये अहमदनगर मोगलांनी घेतले, तरी अंबरांनी दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवून राज्य जगवले. गनिमी काव्याने त्यांनी मोगल बादशहा जहांगीराला इतके जेरीस आणले, की त्याने अंबरांच्या मुंडक्यावर बाण सोडतानाचे स्वतःचे चित्र काढून घेतले. प्रत्यक्षात ते त्याला कधी जमले नाही. १६२४च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे अंबरांच्या बाजूने लढले. खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, अंबरांनीच वसवले. तिथली पाण्याची नहर आणि जमीनमहसुलाची घडीही त्यांचीच. त्यांची कबर खुलताबादला आहे.