खांचेची साक्ष

संगणकास स्मृति लागते, ही गोष्ट त्याच्या जन्माइतकीच जुनी आहे. परंतु एका कारखान्याची स्मृति दुसऱ्याच्या यंत्रास जुळावी, ही अपेक्षा पुष्कळ उशिरां निर्माण झाली. १९४८ सालीं मँचेस्टर विद्यापीठांत विल्यम्स व किलबर्न यांनीं काचेच्या नळीच्या पडद्यावर विद्युद्भाराचे ठिपके उमटवून १,०२४ बिट सांठविले. ती नळी त्या एकाच यंत्रासाठीं सिद्ध केलेली होती; ती अन्यत्र बसेल काय, हें विचारण्याचें कारणच नव्हतें. १९७० सालीं इंटेल कंपनीनें तितकेच बिट सिलिकॉनच्या एका लहानशा तुकड्यावर मावतील अशी चिप विक्रीस आणली. स्मृति ही बाजारांतील वस्तु झाली, आणि जुळणीचा प्रश्न तिच्या मागोमाग आला.

१९८१ सालच्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकांत स्मृति वाढवावयाची म्हणजे नऊ-नऊ चिपा एकेक करून बोर्डावर दाबून बसवाव्या लागत. त्यांतील एकीचा पाय वांकला कीं सारा खटाटोप व्यर्थ. पुढें चिपांची ओळ एका पट्टीवर जोडून ती पट्टीच खोबणींत बसविण्याची युक्ति रूढ झाली. मात्र पट्ट्या करणारे कारखाने अनेक आणि संगणक करणारेहि अनेक. तेव्हां या प्रतिस्पर्ध्यांनीं जेडेक नांवाच्या संस्थेंत एकत्र बसून मापें, पिनांची संख्या व विद्युद्दाब ठरविले. १९९३ सालीं एसडीरॅमचें आणि २००० सालीं डीडीआरचें प्रमाण याच रीतीनें निश्चित झालें.

या करारांतील अत्यंत साधी, पण शहाणपणाची गोष्ट म्हणजे पट्टीच्या कडेची खांच. डीडीआर-२ व डीडीआर-३ या दोन्ही पिढ्यांच्या पट्ट्यांस २४० पिना आहेत, लांबीहि तीच. परंतु पहिलीस १.८ व्होल्ट लागतात, दुसरीस १.५. खांच किंचित् सरकवून ठेवल्यामुळें एकीच्या जागीं दुसरी शिरतच नाहीं. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेली डीडीआर-४ व २०२० सालची डीडीआर-५ यांच्या २८८ पिनांचीहि तीच कथा. अर्थात् हा करार एका पिढीपुरता आहे: त्या पिढींत कोणाचीहि पट्टी चालावी, आणि पिढी बदलली कीं दार बंद व्हावें. वेगाची किंमत म्हणून जुन्या यंत्राच्या धन्यास हें सोसावें लागतें.

खांचेची साक्ष मात्र अपुरी आहे. सर्व्हरसाठीं केलेली रजिस्टर्ड डीडीआर-४ पट्टी साध्या घरगुती संगणकाच्या खोबणींत बिनबोभाट बसते. पण यंत्र सुरू होत नाहीं. निरनिराळ्या वेगांच्या दोन पट्ट्या जोडल्यास दोन्ही सामान्यतः मंद पट्टीच्या चालीनें चालतात, व वेगापायीं दिलेले जादा पैसे फुकट जातात. ३२ बिटांची घरगुती विंडोज प्रणाली असल्यास ४ जीबीच्या पुढील स्मृति तिच्या उपयोगीं पडत नाहीं. शिवाय प्रत्येक मदरबोर्डास स्वतःची कमाल मर्यादा असते.

म्हणून जुना संगणक सुधारूं पाहणाऱ्या गृहस्थानें दुकानीं जाण्यापूर्वीं मदरबोर्डाची पुस्तिका उघडावी. पिढी, प्रकार, एका खोबणीची व सर्व मिळून कमाल मर्यादा, इतक्या गोष्टी तींत सांपडतात. त्या कागदावर टिपून मगच पट्टी मागावी. जो संगणक मंद झाला म्हणून भंगारांत निघाला होता, तो योग्य पट्टी मिळाल्यास घरांतील मुलांच्या अभ्यासास आणखी कांहीं वर्षें उपयोगीं पडूं शकतो.