एका घड्याळाचे अनेक गजर

गजराच्या घड्याळाविषयी मला बरेच दिवस एक साधा प्रश्न पडलेला आहे. घरात माणसे पाच, त्यांच्या उठण्याच्या वेळा पाच, मग टेबलावरच्या घड्याळाला इतकी वर्षे गजर एकच का होता? आज शेदोनशे रुपयांच्या डिजिटल घड्याळातही तीन-चार गजर लावता येतात. ही सोय आपल्याला नवी वाटते. पण जरा मागे गेले की दिसते, एका साधनाने अनेकांसाठी अनेकदा वाजणे हीच जुनी रीत होती. एका माणसासाठी एकदाच वाजणारे घड्याळ हा मधल्या काळातला अपवाद.

आपले शब्दच पाहा. दिवसरात्रीच्या साठ घटका, आणि एक घटका चोवीस मिनिटांची. बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर ठेवायची. ती भरून बुडाली की एक घटका झाली. मग टांगलेल्या जाड काशाच्या थाळीवर टोल द्यायचा. त्या थाळीला उत्तरेकडे ‘घडियाल’ म्हणत, आणि आपले ‘घड्याळ’ त्याच कुळातले. ‘तास’ हा शब्द फारसीतून आला, आणि तिथे त्याचा अर्थ वाटी किंवा भांडे असा आहे. प्रहर संपल्यावर होणाऱ्या घंटानादाला हिंदीत ‘गजर’ म्हणतात. म्हणजे आपण ज्याला घड्याळाचा गजर म्हणतो, तो मुळात साऱ्या वस्तीसाठी दर प्रहराला होणारा नाद होता.

बाबराने आपल्या आठवणींत हिंदुस्थानातल्या या व्यवस्थेचे वर्णन केले आहे. घडियाली घटकांचे टोल देत, पण प्रहर कितवा हे प्रहर संपतानाच कळे. मध्येच जाग आलेल्याला तीन टोल ऐकू आले, तरी ते कोणत्या प्रहरातले हे समजत नसे. म्हणून बाबराने हुकूम दिला की रात्री आणि ढगाळ दिवशी घटकांचे टोल झाल्यावर थोडे थांबून प्रहराचे टोलही द्यावेत. पहिल्या प्रहराच्या तीन घटका झाल्या, तर आधी तीन आणि मग एक. ही सुधारणा झोपमोड झालेल्या सामान्य माणसासाठी होती, म्हणून मला ती महत्त्वाची वाटते. पण तीच दुसरीही एक गोष्ट सांगते. सगळ्यांना वेळ कळावी म्हणून कोणीतरी रात्रभर त्या वाटीपाशी जागत होते.

युरोपातल्या मठांतही असेच होते. बेनेडिक्ट पंथाच्या साधूंना रात्री एकदा आणि दिवसा सात वेळा प्रार्थना करावी लागे. पाण्यावर चालणारे गजराचे यंत्र त्यांच्याकडे यांत्रिक घड्याळाच्या आधीपासून होते. इंग्लंडमधल्या बरी सेंट एडमंड्सच्या मठाला ११९८ मध्ये आग लागली, तेव्हा तरुण साधू पाण्यासाठी काही विहिरीकडे आणि काही घड्याळाकडे धावले, अशी नोंद तिथल्या बखरकाराने केली आहे. पुढच्या यांत्रिक घड्याळांत फिरत्या तबकडीच्या कडेने भोके असत. हव्या त्या वेळेच्या भोकात खुंटी बसवली की त्या वेळी घंटा वाजे. पण ही लहान घंटा साऱ्या मठासाठी नसे. ती एका साधूला उठवी, आणि तो उठून मोठी घंटा ओढी. यंत्राचा गजर एकासाठी आणि त्या एकाची झोप बाकीच्यांसाठी, ही वाटणी तिथे स्पष्ट दिसते.

घरगुती गजराची कथा १७८७ पासून सांगण्याचा प्रघात आहे. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या कॉन्कर्ड गावी लेव्ही हचिन्स या घड्याळजीने स्वतःला उठवण्यासाठी एक घड्याळ केले. ते फक्त पहाटे चारला वाजे. वेळ बदलायची सोयच नव्हती. हवी ती वेळ लावता येणाऱ्या गजराचे पेटंट फ्रान्समध्ये आंत्वान रेदिए याने १८४७ मध्ये घेतले. उशाशी ठेवता येईल अशा लहान गजराच्या घड्याळाचे पेटंट अमेरिकेत सेथ थॉमस कंपनीने १८७६ मध्ये घेतले. त्यानंतर गजर स्वस्त झाला आणि घरोघर गेला.

स्वस्त झाला, पण एकच राहिला. त्याचे कारण यंत्रात आहे. गिरगावातल्या एका कारागिरांनी जुने किल्लीचे घड्याळ उघडून मला ते दाखवले. आत दोन वेगळ्या स्प्रिंगा असतात, एक वेळेची आणि एक गजराची. म्हणून मागे किल्ल्याही दोन. गजराचा काटा ज्या चाकाला जोडलेला असतो, त्याला एक खाच असते. तासाच्या काट्याबरोबर फिरणारा उंचवटा त्या खाचेशी आला की आत पडतो, अडसर सरकतो आणि हातोडी मोकळी होते. खाच एक, म्हणून गजर एक. शिवाय तबकडी बारा तासांची असल्याने पहाटे पाचचा गजर संध्याकाळी पाचलाही वाजायला तयार. दुसरी खाच पाडता आली असती, पण मग दोन गजरांमधले अंतर कायमचे ठरून गेले असते. घरातल्या माणसांच्या वेळा अशा ठरलेल्या अंतराने चालत नाहीत.

मग दुसरा, तिसरा गजर कोण देत होते? याचे उत्तर मुंबईच्या गिरणगावात सापडते. पहाटे भोंगा व्हायचा. तो साऱ्या वस्तीचा सामायिक गजर होता, पण लावला होता मालकाने. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने गिरणी कामगारांनी ज्या मागण्या केल्या, त्यांत रविवारची सुटी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती यांबरोबर काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला संपावे, अशीही मागणी होती. ही मागणी वाचताना मला नेहमी वाटते की भोंगा कोणी आणि किती वाजता करायचा, हाच तो वाद होता. रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली. पुढे १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. महापालिकेने मात्र १९५५ पर्यंत मुंबईचीच वेळ पाळली. रेल्वेचे सहा निराळे आणि शहराचे सहा निराळे, अशा शहरात उशाच्या घड्याळाचा एक गजर कुठवर पुरणार?

त्यात पाळ्या आल्या. एका खोलीत पहिल्या पाळीचा उठतो तेव्हा रातपाळीचा परतायचा असतो. आणि या सगळ्यांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका प्रत्येक पाळीचे जेवण तिच्या वेळेला तयार ठेवत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, ते या बायकांना एकत्र आणण्यासाठी. अनेक वेळांचा गजर लक्षात ठेवणारे यंत्र त्या काळात बाजारात नव्हते, ते या स्वयंपाकघरांत होते. खेड्यात तर घड्याळही नव्हते. पहाटे जात्यावर बसलेल्या बाईच्या घरघरीने घर जागे होई. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात अशा जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्या गाणाऱ्या बाईला कोणी उठवत नव्हते.

हे चित्र यंत्राच्या बाजूने बदलले ते क्वार्ट्झ आणि इलेक्ट्रॉनिक चिपमुळे. स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, चिप ते कंप मोजते, आणि झालेली वेळ साठवलेल्या आकड्याशी ताडून पाहते. इथे गजर म्हणजे खाच नाही, एक आकडा आहे. एकाच्या जागी चार आकडे साठवायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. लावणेही सोपे. ‘सेट’ दाबायचे, पहिला गजर, तास, मिनिटे. पुन्हा दाबले की दुसरा. काही घड्याळांत वारही ठरवता येतात. घंटा थांबवून पुन्हा थोडी झोप देणारे ‘स्नूझ’चे बटण त्याच्याही आधी, १९५६ मध्ये, अमेरिकेत आले होते. पण ते एकाच माणसाचा एकच गजर लांबवते. अनेक गजरांचे घड्याळ घराचा वाटा मोजते.

माझ्या घरातल्या अशा घड्याळात चार गजर आहेत. चार पन्नासला नळाचे पाणी, साडेपाचला डबा, सातला शाळा, नऊला आईची रक्तदाबाची गोळी. चारही गजर वेगवेगळ्या माणसांसाठी आहेत. घड्याळ मात्र ओट्याशेजारच्या फळीवर असते, आणि ते बंद करायला प्रत्येक वेळी एकच हात पुढे येतो. ओळखीच्या घरांत विचारले, तिथेही घड्याळाची जागा बहुधा हीच निघाली. यंत्राने लक्षात ठेवण्याचे काम उचलले, उठण्याचे नाही. मठातल्या त्या एका साधूची आणि वाटीपाशी जागणाऱ्या घडियालीची जागा अजून भरलेलीच आहे. फरक इतकाच की घडियालीला त्या कामाचा पगार होता.

आता गजर चार झाले आहेत, तर ते चौघांच्या उशाशी वाटता येतील. त्याला नवे यंत्र लागत नाही. नरकचतुर्दशीला सारे घर पहाटे उठते असे आपण म्हणतो, पण अभ्यंगाचे पाणी तापवणारे कोणीतरी त्याच्याही तासभर आधी उठलेले असते. यंदा तो पहिला गजर कोणी घ्यायचा, हे आदल्या रात्री घरात सगळ्यांनी बसून ठरवावे.