शब्दकोड्याचे निमंत्रण



जुगाराचा इतिहास सांगणारे बहुधा द्यूतपर्वापासून आरंभ करतात. मी एका शब्दकोड्यापासून करणार आहे. धर्मराजाला फाशांसाठी बोलवायचे तर विदुराला हस्तिनापुराहून इंद्रप्रस्थाला धाडावे लागले. छापखाना आल्यावर अशा दूताची गरज उरली नाही. जाहिरात स्वतःच घरोघर जाऊ लागली.

मुंबई इलाख्यात १८८७ चा जुगारबंदीचा कायदा होता. त्याचा सारा रोख अड्ड्यावर : घर, मालक, पट, पोलिसांची धाड. शब्दकोड्याला अड्डाच नव्हता. साप्ताहिकात कोडे छापायचे, खाली प्रवेशपत्रिका, वर बक्षिसाची रक्कम ठळक टाइपात. नमुन्यादाखल मीच एक रचतो : ‘गरिबाला ही परवडत नाही’, गाडी की माडी? दोन्ही शब्द बसतात. बरोबर कोणता, ते कोडे काढणाऱ्याच्या मनात. मग यात भाषाज्ञान कसले? शहाणपणाचा मुखवटा घातलेली ही सोडतच.

सरकारने १९४८ साली अशा स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसवला. पण प्रांताबाहेर छापलेल्या वृत्तपत्रांना वगळले. ती फट १९५२ च्या दुरुस्तीने बुजवली. तेव्हा म्हैसूर राज्यात, बंगलोरला ‘स्पोर्टिंग स्टार’ हे साप्ताहिक निघत असे. त्यातून आर. एम. डी. चमारबागवाला यांची कोडी मुंबई राज्यभर पोहोचत. चालकांचे म्हणणे असे की, आमचा धंदा परराज्यात. मुंबईचा कर आम्हांला कसा? शिवाय व्यापाराचे स्वातंत्र्य घटनेनेच दिले आहे. मुंबई उच्च न्यायालयात ते जिंकलेही.

सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल १९५७ रोजी तो निकाल फिरवला. सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या विलापापासून स्मृतिकारांपर्यंत दाखले दिले आणि जुगार हा घटनेने राखलेला व्यापारच नव्हे, असे ठरवले. या भागाचा पुष्कळ बोलबाला झाला. मला मात्र त्यातला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. न्यायालयाने पाहिले की, छपाई बंगलोरची असली तरी पत्राचा मोठा वाचक मुंबई राज्यात. पत्रिका गोळा करण्याचे डेपो येथे. फी भरणारा येथला. आणि छापील निमंत्रण सदासर्वदा त्याच्या हाती. म्हणून कर बसवायला एवढा संबंध पुरेसा. कॉलेजचे तोंड न पाहिलेल्या माझ्यासारख्याने युनियनच्या कचेरीत डिक्शनरी जवळ घेऊन हा निकाल वाचला, तेव्हा हसू आले. कंत्राटदाराचे ऑफिस दुसऱ्या राज्यात आणि घाम मात्र येथे गळतो, हे आम्ही लेबर कोर्टात नित्य सांगत असतो.

पण त्याच दिवशी दुसराही निकाल लागला. संसदेच्या १९५५ च्या कायद्याने बक्षीस-स्पर्धांना महिन्याला १,००० रुपयांची मर्यादा घातली होती. ती जुगारी स्पर्धांपुरतीच आहे, ज्यात यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते तिला नाही, असे न्यायालयाने म्हटले. तत्त्व म्हणून ते वाजवी होते. तथापि साठ वर्षांनी याच दारातून फोनवरचे क्रिकेटसंघ आत आले. २०१७ साली पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने अशा खेळाला कौशल्याचा मानले, आणि २०२० च्या आयपीएलला तर त्यातल्याच एका कंपनीचे नाव लागले.

मधल्या काळातला मटका मी सोडून देतो. गिरणगावाला तो सांगायला नको. इतकेच म्हणतो की, त्याचे आकडे छापून जुगाराला मदत करणाऱ्यापर्यंतही पुढे १८८७ च्या कायद्याचा हात पोहोचला. म्हणजे छापील कागद हाच अड्डा असू शकतो, हे सरकारला कळत होते. कळत असूनही १९६९ साली महाराष्ट्राने स्वतःची लॉटरी काढली आणि तिची जाहिरातही केली, हे येथे न बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल.

आज माझ्या सभासदांत कंत्राटी कामगार पुष्कळ. जेवणाच्या सुट्टीत पूर्वी पत्ते निघत, आता फोन निघतो. पत्त्यांत हरलेले पैसे निदान शेजारच्याच खिशात जात; उद्या त्याच्याकडून उसने मागता येत. फोनवर हरलेला माणूस कोणाला सांगत नाही. पगाराच्या दुसऱ्या आठवड्यात उचल मागू लागला की मग आम्हांला समजते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले. कौशल्य की दैव, हा भेद त्यात ठेवला नाही. जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद वा पन्नास लाखांपर्यंत दंड सांगितला. कायद्याला लगेच न्यायालयात आव्हान मिळाले. परंतु परदेशी सट्टेवाले त्याआधीपासूनच बातम्यांच्या संकेतस्थळांचा बुरखा घेऊन जाहिरात करीत होते. केंद्र सरकारला २०२२ साली त्याबद्दल इशारा द्यावा लागला होता. १९५७ मधले साप्ताहिक निदान बंगलोरला छापले जात होते आणि डेपोला पत्ता होता. आता छापखाना समुद्रापलीकडे आहे, आणि डेपो कामगाराच्या खिशात.