फरशीची चूक कधी सुधारायची?

महाराष्ट्रातल्या घरांच्या जमिनीचा इतिहास सहसा साहित्याच्या क्रमाने सांगितला जातो: आधी माती, मग शहाबादी, मग मोझॅक, मग व्हिट्रिफाइड. क्रम बरोबर आहे, पण मुख्य बदल त्यातून निसटतो. कुठलीही जमीन करताना कुठे खळगा राहतो, कुठे उंचवटा येतो. ही चूक कोणत्या टप्प्यावर सुधारता येते आणि ती सुधारायला किती सवड मिळते, यावर त्या जमिनीचं सगळं तंत्र ठरतं. गेल्या दीडशे वर्षांत ही सवड एकूण आक्रसत गेली आहे. फरशीखाली ओतायचं, स्वतःहून पसरून सपाट होणारं सेल्फ-लेव्हलिंग अंडरलेमेंट आज इतकं महत्त्वाचं झालं ते त्यामुळेच. ते बिल्डरांचं नवं खूळ नाही, आणि त्याला सर्व दुखण्यांवरचं औषध समजणंही चूक आहे.

मातीच्या जमिनीला ही सवड कायमची होती. मुरूम आणि माती पसरायची, पाणी मारून मुरू द्यायचं, धुमसाने ठोकायचं, मग ओल असतानाच चोपण्याने चोपत राहायचं आणि वर शेणाने सारवायचं. कोकणात पाऊस सरला की घरापुढचं खळं असंच नव्याने चोपून घेतात. पोपडा निघाला किंवा उखळाजवळ खड्डा पडला, तर मूठभर माती कालवून भरायची आणि त्यावर हात फिरवायचा. जमीन तंतोतंत सपाट नसे आणि तशी गरजही नव्हती. पाटावर, चटईवर, घोंगडीवर बसणाऱ्या घरात डुगडुगायला चार पायांचं टेबल होतं कुठे? अशा जमिनीच्या आठवणींनी आज अनेकजण हळवे होतात. पण ती न संपणारी दुरुस्ती बायकांच्या कमरेवर आणि गुडघ्यांवर चालत होती. ते काम सुटलं याचं मला मुळीच वाईट वाटत नाही.

शहाबादीने गणित बदललं. १८७१ मध्ये जीआयपी रेल्वे रायचूरला जाऊन मद्रासच्या रेल्वेला मिळाली आणि त्या मार्गावरच्या शहाबादचा थराथरांनी सुटणारा चुनखडीचा दगड मुंबई-पुण्याकडे सहज येऊ लागला. हा दगड वरून बऱ्यापैकी सपाट, पण पाठ खडबडीत आणि जाडी एकसारखी नाही. म्हणून प्रत्येक लादीखाली चुन्याचा, पुढे सिमेंट-वाळूचा, जाड बेड लागायचा. मिस्त्री दोरी ताणायचा, लादी बसवून ठोकायचा, जास्त दबली की उचलून खाली थापीभर माल टाकायचा. चूक काम चालू असतानाच, लादीगणिक सुधारली जात होती, आणि ती त्या जाड बेडच्या पोटात जिरत होती.

मोझॅकने तर चुकीला आणखी एक संधी दिली, आणि माझ्या मते आपल्या फरशीच्या इतिहासातला हा सर्वांत उदार टप्पा होता. फिरोजशा सिधवा यांनी १९२२ मध्ये मुंबईत भारत फ्लोअरिंग्ज सुरू केली ती स्वदेशीच्या ध्यासातून. भायखळ्याच्या आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात दिसतात तशा विलायती मिंटन टाइल्सच्या तोडीचं काम इथे व्हावं, ही त्यामागची जिद्द. सिमेंटच्या टाइल्स अशा रुळल्या आणि पुढे संगमरवराच्या चिपांची मोझॅक टाइल मध्यमवर्गीय घरात घरोघर पोचली. ती बसवल्यावर काम अर्धंच झालेलं असे. काही दिवसांनी पॉलिशवाला यंत्र घेऊन यायचा. पाणी ओतून कार्बोरंडमचे दगड फिरवायचे, आधी भरड, मग बारीक. खोलीभर राखाडी राड व्हायची. चिपांमधली भोकं त्याच रंगाच्या सिमेंटने भरायची, ते वाळू द्यायचं, पुन्हा घासायचं आणि शेवटी ऑक्सॅलिक ॲसिडने चकाकी आणायची. या घासण्यात दोन टाइल्समधली वर आलेली कड नाहीशी होई. मिस्त्रीचा हात जिथे चुकला, तिथे पॉलिशवाला सावरून घेत होता. कोटा आणि संगमरवरालाही हेच लागू होतं.

व्हिट्रिफाइड टाइल कारखान्यातूनच चकचकीत होऊन येते. जागेवर घासून तिची वर आलेली कड काढता येत नाही. शिवाय ती अनेकदा मोठी, दोन बाय चार फूट किंवा त्याहून मोठी, त्यामुळे खालचा छोटा खळगाही कोपऱ्यावर उघडा पडतो. पंधरा इंचांहून लांब बाजूच्या टाइलसाठी अमेरिकन मानक दहा फुटांत १/८ इंच, म्हणजे जेमतेम ३ मिलिमीटर, एवढाच फरक खपवून घेतं. विनाइलचा रोल दोन-तीन मिलिमीटर जाड. त्याच्याखाली बेडही नाही आणि नंतर घासणंही नाही. खालच्या काँक्रीटचा प्रत्येक ओरखडा तो वर दाखवतो. इथे चूक सुधारायची एकच वेळ उरते: फरशी येण्याआधी.

त्या एका वेळेसाठी लागणारं रसायन जमायला बरीच वर्षं लागली. ज्यूल बिएद यांनी १९०८ मध्ये फ्रान्समध्ये पेटंट घेतलेलं कॅल्शियम ॲल्युमिनेट सिमेंट जिप्समसोबत लवकर घट्ट होतं आणि बरंचसं पाणी आपल्या स्फटिकांत बांधून घेतं. १९६० च्या दशकात जपान आणि जर्मनीत आलेल्या सुपरप्लास्टिसायझरमुळे कमी पाण्यातही माल वाहता राहू लागला. या दोहोंत पॉलिमर आणि बारीक वाळू मिसळली की ओतताक्षणी पसरणारं आणि काही तासांत चालण्याजोगं होणारं मिश्रण तयार होतं.

चांगला मिस्त्री असेल तर याची गरजच काय, असा आक्षेप येतो. छोट्या टाइलसाठी आणि जाड बेडसाठी तो खरा आहे. तिथे हे मिश्रण म्हणजे पैशांची नासाडी. पण जुन्या इमारतीत फरशीवर फरशी घालताना प्रश्न वजनाचा होतो. पन्नास मिलिमीटरचा सिमेंटचा बेड दर चौरस मीटरला सुमारे १०० किलो भरतो. पाच मिलिमीटर अंडरलेमेंट नऊ-दहा किलोंच्या आसपास. दरवाजे खालून फारसे कापावे लागत नाहीत, हा फायदा वेगळाच. शिवाय मिस्त्रीचं कौशल्य इथे संपत नाही, फक्त आधीच्या टप्प्यावर सरकतं. सैल माल खरवडणं, फटी आणि पाइपांची भोकं बुजवणं, प्रायमर मारणं ही कामं त्याचीच. प्रायमर वगळला तर कोरडं काँक्रीट मिश्रणातलं पाणी शोषतं आणि हवा बुडबुड्यांनी वर येऊन पृष्ठभागाला खड्डे पाडते. पाणी मोजूनच घालावं लागतं. सवयीने बादलीभर जास्त ओतलं तर वर पांढरी, भुसभुशीत साय येते आणि फरशी तिच्यासकट सुटते. वीस मिनिटांच्या आत ओतून, पसरून, काटेरी रोलर फिरवून मोकळं व्हावं लागतं.

दुसरा, जास्त गंभीर आक्षेप असा की फरशीखाली एकदा बंद झालेली चूक कुणाला दिसत नाही. त्याला स्वीडनचा दाखला आहे. १९७७ च्या सुमारास तिथे दुधातलं केसिन घातलेली सपाटीकरणाची मिश्रणं आली. केसिनमुळे ती सुरेख वाहत. पुरतं न सुकलेल्या काँक्रीटवर ती ओतली गेली, वर पीव्हीसीचं आच्छादन चिकटलं. अडकलेली ओल आणि सिमेंटचा क्षार यांत प्रथिनाचं विघटन झालं, अमोनियाचा दर्प घरभर पसरला, ओकचं लाकूड काळं पडलं आणि रहिवासी डोळ्यांच्या-घशाच्या तक्रारी करू लागले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला केसिनचा तो वापर थांबला. आपल्याकडेही चुन्याच्या कोब्यात गूळ, हिरडा घालत, पण तो कोबा टिकला, कारण चुन्यातून ओल वर निघून जाऊ शकत होती. मला या प्रकरणात दोष रसायनाइतकाच घाईचाही दिसतो. काँक्रीटवर प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवला आणि सकाळी खाली दव दिसलं, तर थांबायला हवं. पजेशनची तारीख कितीही जवळ असो.

सपाटी सगळीकडे हवी असते असंही नाही. मोरीला, बाथरूमला, बाल्कनीला पाणी जाण्याइतका उतार लागतो आणि हे मिश्रण तो उतार भरून काढतं. तिथे अजूनही थापी, गुरमाळा आणि नजर यांनीच काम होतं. आणि खोलीत जुनं मोझॅक सुस्थितीत असेल, तर त्यावर विनाइल चिकटवण्याआधी पॉलिशवाल्याला एकदा बोलवावं. चिपांचा थर पुरेसा उरलेला असेल तर साठ वर्षांचं मोझॅकही पुन्हा घासता येतं; विनाइलखाली चूक राहिली तर मात्र रोल उपटावाच लागतो.