तळटीप : ध्वनिकंपकाची उष्णता

नांदेड-लातूरकडे मे महिन्यात पारा 40 अंशांपुढे जातो, तेव्हा खिशातल्या मोबाइलमधले ध्वनिकंपकही तापतात. अनेक फोनांत हा कंपक म्हणजे अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडचा पापुद्रा असतो. सेकंदाला अब्जावधी वेळा थरथरत तो हव्या त्याच लहरी पुढे सोडतो. तापला की त्याची कंपनसंख्या घसरते.

पापुद्रा पोकळीवर अधांतरी असेल, तर उष्णता मुख्यतः कडांतूनच निघते. खाली टंगस्टन आणि सिलिकॉन डायऑक्साइडचे थर आलटूनपालटून दिले, तर ध्वनी परततो आणि उष्णता खालच्या सिलिकॉनमध्ये उतरते.

2009 मध्ये जपानच्या मोरितो अकियामा यांच्या गटाने स्कँडियम मिसळून या पापुद्र्याचा दाबविद्युत प्रतिसाद सुमारे पाचपट वाढवला. मोठेच काम! मात्र स्कँडियममुळे उष्णतावहन मंदावते, म्हणून अशा कंपकात तळाची रचना आणखी महत्त्वाची ठरते.